चंद्रकोरी नसलेली बाटली

बकाऊ, ११ फेब्रुवारी

कोतो काव्सू,

डेंबो सांगत होता, माझं मागचं पत्र तू आधी शेळीपुढे धरलंस. तिने तोंड फिरवलं म्हणून मग ते जारायच्या हातात गेलं. शेळी भली निघाली म्हणायची. फोन तू उचलत नाहीस, आणि डेंबोची गाडी आठवड्याला एकदा तुमच्या फातोटोपर्यंत जातेच, तेव्हा पत्रं येत राहणार. कोतोने, म्हणजे थोरल्या भावाने, धाकटीशी बोलायचं नाही असं ठरवलं, तरी धाकटीने ऐकवायचं नाही असं कुठे ठरलंय?

(जाराय, तू हे मोठ्याने वाचते आहेस हे मला माहीत आहे. कंसात लिहिलेलं फक्त तुझ्यासाठी. ते आलं की खोकल्याची उबळ आली असं दाखव.)

तुमच्या शाळेचे मुख्याध्यापक परवा इथे सेरेकुंडाला आले होते. ते म्हणाले, नववीच्या परीक्षेनंतर जारायला विज्ञान घ्यायचं असेल तर तिला किनाऱ्यावरच यावं लागेल. तुमच्याकडे त्याची सोय नाही. बकाऊच्या शाळेत जागा आहे, माझ्या घरात खोली आहे. पण मुख्याध्यापक सांगत होते, काव्सू 'नाही' म्हणतो. कारण विचारलं तर म्हणतो, "तिच्या आत्याला विचारा."

आत्या मीच. तेव्हा मीच सांगते कारण. आई गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी, सगळं गाव भात खायला बसलेलं असताना, तू उठून उभा राहिलास आणि म्हणालास, "जोवर माझ्या लेकीचा आजार तू बाटलीत पोसते आहेस, तोवर माझ्या अंगणात पाय ठेवू नकोस." हातातला घास मी परत परातीत ठेवला. त्याला आता किती पावसाळे झाले.

तू खोटं बोलला नव्हतास. जाराय पाच वर्षांची असताना तिला जो हिवताप चढला, त्यात ती बेशुद्ध पडली, दात घट्ट मिटले. बासच्या इस्पितळात तिची आई सीरा तिला पाठीवर बांधून घेऊन गेली. तू तेव्हा गुरं विकायला वेलिंगाराच्या बाजारात होतास. आमच्या प्रयोगशाळेची माणसं तिथे होती. त्यांनी जारायच्या रक्तातलं थोडं मागितलं, सीराने कागदावर अंगठा उठवून होकार दिला. त्या रक्तातले जंतू इथे आले आणि काचेत जगले. सगळे जगत नाहीत, ते जगले. मी त्यांना रोज दाणापाणी करते, जुना द्राव काढून नवा घालते, दात्यांचं ताजं रक्त घालते. हे माझं काम आहे.

जारायला नंतर आकडी यायला लागली, आणि तू दोन्ही गोष्टींची गाठ मारलीस. तिकडे मी पोसते, इकडे ती थरथरते. मी तुला कितीदा सांगितलं की आकडी त्या वेळच्या आजाराने मेंदूवर जो व्रण राहिला त्याची आहे. तू म्हणालास, "व्रण तू बघितलास?"

नाही बघितला. पण जाराय आता बरीच वर्षं बरी आहे. गोळ्याही सुटल्या. मग आता कशाची भीती?

तुझी,
न्यिमा

---

बकाऊ, ८ एप्रिल

कोतो काव्सू,

तुझा निरोप डेंबोने जसाच्या तसा पोचवला. तो आपल्या थट्टेच्या नात्यातला, आपली खोडी काढायचा त्याला हक्कच, त्यामुळे त्याला फारच मजा आली. "तुझा भाऊ म्हणतो, पोरगी म्हणजे काही बोकड नाही, दावणीवरून सोडून कुणाच्याही दारात बांधायला." वर स्वतःची भर घातली, "आणि तुझ्या दारात तर बोकडही राहायचा नाही, उपाशी मरेल." मी त्याला दोन वेळा भात वाढला, तरी असं बोलतो.

पण आज तुला काही वेगळंच सांगायचं आहे. महिनाभर आमच्याकडे काय गोंधळ चालला आहे तो.

एका नव्या औषधाची परीक्षा आम्ही करतोय. हिवतापाचा जंतू माणसाच्या रक्तात वाढता वाढता काही थोडे वेगळे जंतू तयार करतो, दिसायला थेट चंद्रकोरीसारखे. डास चावला की त्या कोरीच त्याच्या पोटात जाऊन पुढची पिढी घडवतात. कोरी नसतील तर आजार एका माणसातून दुसऱ्यात जायचाच नाही. हे औषध कोरी मारतं का, ते बघायचं होतं. ते बघायला आम्ही जारायचेच जंतू घेतले होते, कारण ते आमच्याकडे सगळ्यांत जोमाने वाढतात.

औषध घातलेल्या बाटलीत एक कोर सापडली नाही. एकही नाही! आमच्या प्रमुख डॉ. रोहे न्जाय चक्क नाचल्या. बेनाचिनची, मासे घालून शिजवलेल्या भाताची, मोठी परात मागवली. मी सगळ्यांना मासे वाढत होते, तेवढ्यात रोहेबाई हात धुऊन परत सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसल्या. त्यांचं तसंच असतं, आनंद झाला की त्यांना संशय येतो. थोड्या वेळाने आतून हाक आली, "न्यिमा, ज्यात औषध घातलंच नव्हतं ती बाटली बघितली का गं कुणी?"

त्यातही कोर नव्हती.

आम्ही मागच्या तपासणीच्या काचा काढल्या, त्याच्या मागच्या काढल्या. पहिल्या वर्षीच्या काचांवर कोरीच कोरी, पुढे कमी कमी होत गेलेल्या, आणि आता कितीतरी काळ एकही नाही. औषधाने काहीच केलं नव्हतं. मारायला तिथे काही होतंच कुठे? जेवण तसंच थंड झालं.

मग रोहेबाई म्हणाल्या, कोरी गेल्या तर आणखी काय गेलं तेही बघू. जंतू शिरला की रक्ताच्या पेशीवर बारीक गाठी उठतात. त्या गाठींमुळे पेशी मेंदूच्या बारीक शिरांना चिकटून बसते. जारायला बेशुद्ध केलं ते ह्या चिकटण्याने. ते तपासायची एक सोपी युक्ती आहे. जिलेटिनच्या द्रावात रक्त मिसळून नळी उभी ठेवायची. गाठी असलेल्या पेशी वर तरंगतात, गुळगुळीत असतात त्या तळाला बसतात.

मी नळी उभी केली. सगळं तळाला गेलं.

रोहेबाईंनी कपाळाला हात लावला. केलेलं सगळं काम पाण्यात. आणि मी, काव्सू, त्यांच्या शेजारी उभी राहून चेहरा पाडायचा प्रयत्न करत होते, पण मला आतून इतकं हलकं वाटत होतं की विचारू नकोस. म्हणजे ज्याने आपल्या पोरीला धरलं होतं, ते आता त्या बाटलीत नाहीच! आहे ते नुसतं त्याचं नाव लावणारं काहीतरी. डासात जाता येत नाही, मेंदूला धरता येत नाही. बाटलीत खातं आणि वाढतं, बस्स.

आता तरी तिला पाठव.

न्यिमा

---

बकाऊ, २० मे

कोतो काव्सू,

एवढं लांबलचक पत्र मी लिहिलं आणि तू एकच प्रश्न धाडलास. "मग ते गेलं कुठे?"

डेंबो म्हणाला, तू हसत नव्हतास. म्हणाला, सीरा रात्रंदिवस जारायच्या तोंडाकडे बघत बसते. बाटलीतून निघून ते पोरीत परत शिरलं की काय, असं तुम्हाला वाटतंय. मी हलकं करायला गेले आणि तुमचा भार वाढवून बसले.

नीट ऐक. ते कुठेही गेलं नाही. हरवलं, एवढंच. परातीभोवती आपण दहाजण जेवायला बसतो. एकजण पाहुण्याला चांगला तुकडा सरकवतो, एकजण म्हातारीसाठी थांबतो, आणि एक गप्प मान खाली घालून खातो. पोट कोणाचं जास्त भरतं? बाटलीत असंच झालं. काही जंतू कोरी घडवण्यात, गाठी उठवण्यात ताकद घालवत होते. काही नुसते खात आणि वाढत होते. बाहेर, माणसाच्या अंगात, असे नुसते खाणारे टिकत नाहीत. डासात पोचत नाहीत, आणि शिरांना धरलं नाही तर प्लीहा त्यांना गाळून टाकते. पण बाटलीत ना डास, ना प्लीहा. खाणाऱ्यांची पोरं वाढली, बाकीच्यांचा वंश बुडाला. कोणी पळालं नाही, कोणी कोणात शिरलं नाही.

(जाराय, आता खोकू नकोस. पुढचं नीट मोठ्याने वाच.)

आणि एक गोष्ट मागच्या पत्रात मी लिहिली नव्हती. तू असा नेमका प्रश्न विचारल्यावर न लिहिणं बरं नाही. पहिल्या दिवसांतल्या काही नळ्या आम्ही तेव्हाच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवल्या होत्या. त्यातलं काही बदललेलं नाही. जारायच्या अंगातून निघालं तसंच ते आहे, कोरींसकट, गाठींसकट. ते वाढत नाही, खात नाही, झोपलेलं आहे. पण आहे.

औषधाची परीक्षा पुन्हा करायची तर त्याच नळ्या लागतील. मी रोहेबाईंना सांगितलं, आधी माझ्या भावाला विचारा. त्या म्हणाल्या, "विचारायचंच. येऊ दे त्यांना. नको म्हणाले तर सगळं नष्ट करू."

तर ये. पोरीला आणावंसं नाही वाटलं तर नको आणू. तू ये. गाडीभाडं डेंबो घेणार नाही, पण वाटभर तुझी चेष्टा करील, ती सोसावी लागेल.

न्यिमा

---

बकाऊ, १७ जुलै

सीरा, हे पत्र तुझ्यासाठी.

तुझ्या नवऱ्याने घरी येऊन काय सांगितलं असेल ते मला पाठ आहे. "गेलो. बघितलं. आलो." म्हणून लिहिते. काव्सू, तू तिथेच बसला असशील, ऐक आणि चुकलं तर टोक.

तो आला तो ठेवणीतला निळा झगा घालून, भांडायच्या तयारीने. रोहेबाईंनी त्याला खुर्ची दिली आणि विचारपूस सुरू केली. घरची मंडळी? शांती आहे. गुरं? शांती. भुईमूग? शांती. इतकं लांबवलं की भांडण सुरू करायला त्याला फट मिळेना. शेवटी तो माझ्या कानाशी म्हणाला, "वोलोफ माणूस आपली मँडिंका भाषा बोलला की तोंडात गरम भात असल्यासारखं वाटतं." रोहेबाई म्हणाल्या, "ऐकू आलं हो. आणि मँडिंका माणूस कुजबुजला की गुरं हाकतोय असं वाटतं." तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

मग मी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. एक डोळा मिटायला त्याला जमेना, हाताने झाकला. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "एवढंसं?"

"एवढंसंच."

"ह्या अंगठ्या दिसतात त्या?"

"त्याच."

"माझ्या पोरीत हे होतं?"

रोहेबाई म्हणाल्या, "हे नव्हतं. हे त्याच्या वंशातलं, पण वळण सुटलेलं." आणि त्यांनी पहिल्या वर्षीची काच लावली. त्यावरच्या कोरी त्याने बघितल्या. उठला, खिडकीशी जाऊन उभा राहिला. मी जवळ गेले तर म्हणाला, "चांगल्या दिसतात. मला वाटलं होतं, भयंकर दिसत असतील."

रोहेबाईंनी त्याला सरळ सांगितलं. रक्त तुमच्या मुलीचं, तुम्ही वडील. तुम्ही त्या वेळी हजर नव्हता. नको असेल तर नको म्हणा, कोणी तुम्हाला 'का' असं विचारणार नाही.

सीरा, आता जे लिहिते ते तो तुला जन्मात सांगणार नाही. तो म्हणाला, "मी नव्हतो, पण तिची आई होती. पोरीला पाठीवर बांधून ती धावली. मी गुरांचे भाव करत होतो. जो हजर असतो त्याचाच अंगठा खरा. सीराने दिला तो मीच दिला."

मी भिंतीकडे तोंड केलं. इतकी वर्षं तू त्या अंगठ्यापायी मान खाली घालून राहिलीस. आता वर कर. काव्सू, तुलाही ऐकू आलं ना, जाराय वाचते आहे ते?

पण बाटलीवर त्याचा राग होताच. "हे खाऊन खाऊन माजलेलं मी मारणार," म्हणाला. आम्हालाही आता तिचा उपयोग नव्हता. मी त्याला हातमोजे चढवले, त्याची बोटं काही त्यात मावेनात. ब्लीचची बाटली दिली. त्याने 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि ओतलं. लाल रंग तपकिरी झाला, मग उडूनच गेला. तो बघत राहिला. "झालं?" "झालं." "आवाज नाही, काही नाही," म्हणाला. थोडा खट्टू झाल्यासारखा वाटला मला.

राहिल्या गोठवलेल्या नळ्या. डब्याचं झाकण उघडल्यावर पांढरी वाफ उसळली तसा तो दोन पावलं मागे सरला. रोहेबाई म्हणाल्या, ह्याही मारायच्या असतील तर मारू. मग औषधासाठी दुसऱ्या कुणाचं तरी रक्त मागावं लागेल, तुमची पोरगी पडली होती तसं बेशुद्ध पडलेल्या एखाद्या पोराचं. मिळेल, ह्या पावसातही मिळेल. त्या हे धमकीसारखं बोलल्या नाहीत, थकून बोलल्या.

काव्सू स्टुलावर बसला. मग माझ्याकडे हात पुढे केला. "फोन दे." इतकी वर्षं जो माणूस माझा फोन उचलत नव्हता, त्याने माझ्याच फोनवरून घरी फोन लावला. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, कारण पलीकडे तुम्हीच होता. पण इथे कसं ऐकू आलं ते सांगते. फोन त्याने मोठ्या आवाजावर ठेवला होता, सगळी प्रयोगशाळा कान देऊन उभी.

"जाराय, तुझ्यातलं थोडं इथे गोठवलंय. मारू की ठेवू?"

"ते मला परत लागेल का, बाबा?"

"ह्या बाई नाही म्हणतात."

"तुम्हाला काय वाटतं?"

त्याने वाफेच्या डब्याकडे बघितलं. मग म्हणाला, "मलाही नाही वाटत."

"मग राहू दे की. कुणाच्या तरी कामाला येईल. आणि बाबा, बिंकीआत्याच्या घरी नळाला रोज पाणी येतं का ते विचारा."

नळाला पाणी रोज येतं, जाराय. सप्टेंबरात ये.

न्यिमा

---

बकाऊ, २५ नोव्हेंबर

प्रिय बाबा आणि माझी आई, ना,

हे पत्र मास्तर वाचून दाखवतील, म्हणून मास्तर, आधी तुम्हाला सलाम. फोनवर सांगता आलं असतं, पण तुम्ही मधेच ओरडायला लागला असता आणि मला पूर्ण सांगता आलं नसतं. आधी हे ऐका, मी बरी आहे. आता मास्तर, पुढचं वाचा.

सुट्टीत गावी येऊन परत आल्यावर आठवड्याने मला ताप आला. शाळेतच थंडी वाजायला लागली. मी बाकावर डोकं टेकून बसले तर बाईंनी घरी पाठवलं. बिंकी कामावरून पळत आली. बाबा, तुम्हाला माहीत आहे, बिंकी रोज लाखो जंतूंना जेवू घालते. पण माझ्या बोटाला सुई टोचायला तिला धीरच होईना, शेवटी सुई मीच टोचून घेतली. दवाखान्यात तपासलं. हिवताप होता.

बिंकी तिथेच खाली बसली. मीच विचारलं, "आता मी पुन्हा बेशुद्ध पडणार का?" ती म्हणाली, "नाही." पण ती ज्या सुरात म्हणाली त्यावरून मला कळलं की तिला माहीत नाही.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पहिल्या दिवशी मी ओकले, पुन्हा दिल्या. बिंकीने कामाला दांडी मारली आणि माझ्या शेजारी चटई टाकली. मी जरा कूस बदलली की तिचा हात माझ्या कपाळावर. एकदा मी मुद्दाम तोंड वेडंवाकडं केलं, थट्टा म्हणून. ती इतकी किंचाळली की शेजारच्या बाई धावत आल्या, आणि मग दोघींनी मिळून मला झोडपलं. आजारी माणसाला!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाम फुटला. चादर ओलीचिंब झाली. तिसऱ्या दिवशी मला भूक लागली आणि मी भुईमुगाच्या रश्श्याचं डोमोडा मागितलं. बिंकी चुलीशी गेली आणि बराच वेळ परत येईना. मी उठून बघितलं तर ती कांदा हातात घेऊन बसली होती आणि रडत होती. मी म्हटलं, "कांदा झोंबतोय का?" म्हणाली, "हो." कांदा तर अजून सोललेलाही नव्हता.

आकडी आली नाही, बाबा. एकदाही नाही. डॉक्टर म्हणाले, लहानपणानंतर गावात राहून मला इतक्या वेळा डास चावले असतील की अंग आता लढायला शिकलं आहे. फक्त जपायचं. पुन्हा रक्त तपासलं, स्वच्छ निघालं.

आता तुम्ही म्हणाल की हे त्या प्रयोगशाळेमुळे झालं. म्हणून सांगते. डास चावल्यावर ताप यायला आठवड्याहून जास्त दिवस लागतात, म्हणून डॉक्टरांनी दिवस मोजले. हा डास बकाऊचा नव्हता, आपल्या घरचा होता. सुट्टीत माझी मच्छरदाणी कुठे होती आठवतंय का? अगं ना, तू ती कांद्याच्या रोपांवर घातली होतीस. तू रडू नकोस. पुढच्या वेळी कांद्यांना दुसरं काही बघ, एवढंच.

डॉ. रोहे मला बघायला आल्या होत्या. गोठवलेल्या नळ्या त्यांनी जागवल्या आहेत, त्यात कोरी आल्या. औषधाने निम्म्याहून जास्त मेल्या, सगळ्या नाही. त्या म्हणाल्या, निम्म्याहून जास्त हेही चांगलं आहे, आणि ह्या वेळी तरी खरं आहे. मग जरा अवघडून म्हणाल्या, "तुझ्या ह्या तापाच्या रक्तातलं थोडं मिळालं असतं तर..." बिंकी एकदम उभी राहिली, "अजिबात नाही!" मी म्हटलं, बिंकी, ते माझं आहे. पण तोवर मी गोळ्या घेतल्या होत्या, काही उरलंच नव्हतं. रोहेबाई म्हणाल्या, हेच उत्तम झालं, आणि केळी ठेवून गेल्या.

आज रविवार. सकाळी आम्ही दोघी समुद्रावर गेलो होतो. बिंकीने चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर पाण्यात शिरली, झग्यासकट. ती मोठ्याने गात होती, बाबा. बिंकीचा आवाज तुमच्यासारखाच आहे, गुरंसुद्धा बिचकतील. मासे घेऊन आलो, खाल्ले, ती आता घोरते आहे. गेल्या आठवड्यात ती झोपलीच नव्हती.

मी उद्या सोमवारपासून पुन्हा शाळेत जाणार आहे. तापाच्या आधी झालेला गणिताचा पेपर वाईट गेला. त्याचा तापाशी काही संबंध नाही.

तुमची,
जाराय